अंबादास जॉबरचा मागचा दिवा

आमच्या पेठेत सायकलवाले पुष्कळ. कुणी घंटी वाजवत जाई, कुणी तोंडानेच "बाजू, बाजू" करत जाई, आणि एक बहाद्दर दोन्ही हात सोडून जाई. त्याची गाठ आमच्या दवाखान्यात वरचेवर पडे. पण जाता जाता रस्त्याचं वर्णन करणारा सायकलवाला सबंध सोलापुरात एकच होता. अंबादास जॉबर.

म्हणजे कसं ते सांगतो. मिलचा संध्याकाळचा भोंगा होऊन गेलेला असे. दुकानादुकानांतून दिवे लागत असत. आणि कोपऱ्यापलीकडून खणखणीत आवाज येई, "खड्डा आला. उजवीकडनं. आता खडी. खडी हाय अजून. संपली. म्हस बसलीया, म्हस. तिच्या शेपटाकडनं." मग आवाजाच्या मागून अंबादास येई. सायकल इतकी सावकाश, की ती पडत कशी नाही हेच मला कोडं. त्याच्या पुढे कोणी नाही, शेजारी कोणी नाही. हा माणूस बोलतो कुणाशी? म्हशीशी म्हणावं, तर म्हैस बसली आहे हे म्हशीला सांगून काय मिळणार? तिला ते ठाऊक होतं.

मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. आमचा दवाखाना नेमका वळणावर आणि माझं टेबल खिडकीशी. बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवता चिकटवता मी हा खेळ रोज फुकट पाहत असे. एरवी फुकटचं नाटक मला तिकिटाच्या नाटकापेक्षा लवकर समजतं. हे समजेना.

अंबादास मिलमध्ये विणकामाच्या खात्यात जॉबर होता, म्हणजे साच्यांवरच्या, यंत्रमागांवरच्या, कामगारांचा मुकादम. साच्यांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला. त्यामुळे तो घरात साधं "पाणी" म्हणाला तरी शेजारच्या गल्लीतून कुणीतरी तांब्या घेऊन निघायचं. उंच, काटक, मिशा पांढऱ्या आणि भुवया मात्र काळ्याभोर. तो रागावलाय की चकित झालाय हे समोरच्याला कधीच कळत नसे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि त्याच्या कोंबड्या.

आणि सायकलचा मागचा दिवा.

पुढचा नव्हे. पुढच्या दिव्याची त्याला फिकीर नव्हती. पोलीस अडवतो म्हणून एक काळवंडलेला दिवा पुढे लटकत असे, आणि तो पेटला काय न पेटला काय, सारखंच. पण मागचा लाल काचेचा दिवा म्हणजे जीव की प्राण. तो रोज सकाळी धोतराच्या सोग्याने त्याची काच पुसायचा, फुंकर घालायचा, पुन्हा पुसायचा. "पुढचं सोडा, मागचं बोला," हे त्याचं पालुपद. सायकल घ्यावी का असं कुणी विचारलं, नवा रस्ता कसा झालाय म्हणून विचारलं, अगदी नवा कलेक्टर कसा आहे म्हणून विचारलं, तरी उत्तर तेच.

आता गंमत अशी, की सोलापूरचे रस्ते मागच्या दिव्याचे हाडवैरी. अंबादासचा पहिला दिवा चांगला विलायती होता, पितळी टोपणाचा, रॉकेलवर चालणारा. मंगळवार पेठेतल्या दगडांनी त्याला असं काही हलवलं, की वात खाली सरकत सरकत टाकीत जाऊन पडली आणि तिथेच तिचा शेवट झाला. त्यानंतरचा एका बैलगाडीच्या जोखडाने घेतला. एक म्हशीने घेतला. तिने नुसतं अंग घासलं, तिचा काही वाईट हेतू नव्हता. मग बॅटरीचा आला. त्याचं कौतुक चाललेलं असतानाच सोलापूरचा उन्हाळा आला, आणि आतल्या बॅटऱ्या पाझरून त्यांनी दिव्याची डबीच खाऊन टाकली.

दिवा गेला, की अंबादास दवाखान्यात येऊन बाकावर बसे. नातेवाईक गेल्याची बातमी सांगावी तशी बातमी.

"गेला."

"कोण गेला, अण्णा?"

"दिवा."

"कशानं?"

"टांगा."

मग मी पुढच्या बाटलीला पट्टी चिकटवत असे. दुसरं करणार काय?

दिव्यांचा पुरवठा मेहबूबभाई करायचे. त्यांचं सायकलचं दुकान पलीकडच्या चौकात. अंबादाससारखं गिऱ्हाईक मिळालं तर दुकानदाराने खूश व्हावं, पण मेहबूबभाई खचले होते. आपण दिलेला माल टिकत नाही हे त्यांना लागायचं. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फळीवर एक चकचकीत वस्तू ठेवली होती आणि समोर अंबादास बसला होता.

"कंपाउंडरसाब, तुमीच समजाव," मेहबूबभाई म्हणाले. "ये डायनमो हय. ना तेल, ना वात, ना बॅटरी. चक्का फिऱ्या की बत्ती जली. जनमभर टूटती नै."

अंबादासने ती वस्तू हातात घेऊन फिरवून पाहिली. "आनि थांबल्यावर?"

"ठैरे तो बुझती. ठैरे बाद बत्ती क्या करना?"

"थांबल्यावरच तर पायजे," अंबादास म्हणाला आणि वस्तू फळीवर ठेवून दिली.

मेहबूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "अण्णा," ते काकुळतीला आले, "ठैरे तो नीचे उतरो, बाजू में हो जाव. कौन ठोकताय तुमकू?"

"मला कोन ठोकतोय? माझं काय न्हाय त्यात," अंबादास म्हणाला. "रॉकेलचाच द्या."

तो गेल्यावर आम्ही दोघांनी डायनमोकडे बराच वेळ पाहिलं. मागून कुणी ठोकू नये म्हणून मागचा दिवा असतो, अशी आम्हा दोघांची आजवरची समजूत होती.

याच्यावर कडी झाली ती माशाच्या तेलाची. एका सकाळी अंबादास खिडकीशी आला आणि आवाज खाली आणून, म्हणजे चारच घरांना ऐकू जाईल असा, म्हणाला, "कंपाउंडर, ते माशाचं तेल असतंय न्हवं? एक बाटली द्या."

"कुणाला द्यायचंय?"

त्या काळ्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. "दिव्याला."

मी बाटली दिली. कंपाउंडरने फार विचारू नये. चार दिवस काही घडलं नाही. पाचव्या संध्याकाळी वळणावर आधी वास आला, मग आवाज आला, मग अंबादास आला. मागच्या दिव्यात माशाचं तेल चुरचुरत होतं, धूर निघत होता, आणि त्या धुराच्या मागे पेठेतली यच्चयावत मांजरं शिस्तीने चालली होती. डॉक्टर रोग्याची नाडी हातात धरूनच खिडकीशी आले. "काय आहे हे?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मागचा दिवा." यापेक्षा जास्त मलाही माहीत नव्हतं.

मांजरांच्या मागून नेहमीप्रमाणे सिद्रामप्पाची सायकल येत होती.

सिद्रामप्पा म्हणजे अंबादासचा भिंतीला भिंत शेजारी. त्याच मिलमध्ये, घडीखात्यात. तयार कापडाची ठाणं तपासून त्यातली खोट काढणं हे त्याचं काम. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बंद गळ्याचा कोट, आणि बोलणं मोजकं. एकेकाळी दोघांचं गूळपीठ होतं. मग अंबादासच्या एका कोंबडीने सिद्रामप्पाच्या पूजेच्या फुलांच्या टोपलीत बसून अंडं घातलं. सिद्रामप्पाने ते चिमट्याने उचलून भिंतीवर ठेवलं आणि म्हणाला, "आपलं देणं परत घ्या." अंबादास म्हणाला, "देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं?" तेव्हापासून बोलणं बंद. कोंबडी कधीच मेली, अबोला चालू राहिला. सकाळी सिद्रामप्पा माझ्या खिडकीवरून जाताना "काय कंपाउंडर, चाललंय का?" असं आवर्जून विचारी. संध्याकाळी मात्र मान ताठ, नजर समोर, मी हात केला तरी ओळख नाही. मी म्हणत असे, दिवसभर लोकांच्या कापडातली खोट काढून माणसाला संध्याकाळी असा ताठा येत असेल.

उलगडा झाला तो माझ्या हातूनच, आणि अगदी सहज. स्टेशनावरून औषधांचं खोकं आणायला मी डॉक्टरांची सायकल घेऊन गेलो होतो. परतताना दिवस मावळला. पुढे अंबादासचा आवाज ऐकू आला, सिद्रामप्पाचीही पाठ दिसली. मला आपलं वाटलं, अंबादासला गाठावं आणि गप्पा मारत जावं. म्हणून मी सिद्रामप्पाला मागे टाकून दोघांच्या मधे शिरलो.

मागे धडाड असा आवाज झाला. वळून पाहतो, तर सिद्रामप्पा सायकलीसकट कडब्याच्या गाडीत. रस्ता सरळ, गाडी ही एवढी मोठी, एका कडेला उभी. आंधळ्यालाही चुकवता यावी अशी.

अंबादास तत्काळ थांबला. पण सिद्रामप्पाकडे बघेना. माझ्यावर ओरडला, "कंपाउंडर, मधनं व्हा की बाजूला. दिवा झाकताय." मी बाजूला झालो. अंबादास सायकल धरून, पाठमोरा, तसाच उभा राहिला. मागचा दिवा रॉकेलवर शांत जळत होता. कडब्यातून सिद्रामप्पा उठला, कोट झाडला आणि हात पुढे करून चाचपू लागला. सायकलचं हँडल त्याच्या अगदी पोटाशी होतं. ते सापडायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने मान वर केली, लाल दिवा पाहिला, आणि सायकलवर बसला. अंबादास समोरच्या रिकाम्या रस्त्याला म्हणाला, "आता चढ हाय."

दुसऱ्या दिवशी अंबादास बाकावर येऊन बसला. दिवा गेला नव्हता, तरी आला.

"कुणाला बोलला न्हाय न्हवं?"

"नाही. पण अण्णा, त्याला दिसत नाही?"

"दिसाचं लखलखीत दिसतंय. दिस मावळला की संपलं. दिवा तेवढा दिसतोय, बाकी समदं काळं." आवाज त्याने खरोखरच खाली आणला होता, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "घडीखात्यात डोळ्यांवर पगार हाय. मिलमधी विजेचे दिवे हायेत, तिथं निभतंय कसंबसं. पन रस्त्यात चाचपताना कुणी बगितलं आनि साहेबाच्या कानावर गेलं, तर घरी बसवत्याल. लग्नाच्या पोरी हायेत घरात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचं असं झालं. मी पैला दिवा लावला तवा उगाच लावला, हौस म्हणून. बायको गेल्यावर मी संध्याकाळचा जरा शिंदीच्या दुकानाकडं वळायचो. एका दिवशी आत बसलो, ग्लास पुढ्यात आला, आनि भाईर बगतो तर दारात सिद्रामप्पा. सायकल धरून हुबा. लिंगायत मानूस, कपाळाला विभूती, शिंदीच्या दारात. तो काय बोलंना, मी काय बोलंना. मग माझ्या ध्यानात आलं, ह्यो रोज माझ्या दिव्यामागनं घरी येतोय, आनि आज दिव्यानं ह्याला हितं आनला. ग्लास तसाच ठिवला आनि उटलो. पुन्यांदा गेलो न्हाय तिकडं. कसा जानार? ह्यो येनार की मागनं."

"आणि माशाचं तेल?"

"तुमच्या डॉक्टरनं कुणाला तरी रातांधळ्यावर दिलं होतं, ते ऐकलं होतं मी. त्याच्या घरात भाजीत घालायचा बेत होता. बाटली घिऊन भिंतीपाशी गेलो दोनतीनदा. त्याच्या गळ्यातलं लिंग दिसलं. फसवनं जमंना. मग टाकायचं कशाला, म्हनून दिव्यात घातलं."

"डॉक्टरांना नुसतं दाखवू या. पालेभाज्या, गाजरं, काहीतरी सांगतील."

"दाखवायला आधी त्यानं म्हनाया पायजे की, दिसत न्हाय म्हनून." अंबादास उठला. "आनि आमी तर बोलत न्हाय."

यानंतर मागच्या दिव्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. संध्याकाळ झाली की माझंच चित्त थाऱ्यावर राहीना. खडखड आवाज आला की वाटे, स्क्रू ढिला झाला. म्हैस उठून उभी राहिली, की मी खिडकीतून तिला दम देत असे.

आणि मग गड्ड्याची जत्रा आली. संक्रांतीचे दिवस, गावोगावची माणसं सोलापुरात लोटलेली. मीही दवाखाना बंद करून जत्रेकडे निघालो होतो. मिल सुटलेली, दिवस मावळलेला, आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत अंबादास सायकल हातात धरून चालत होता आणि बऱ्याच मागे सिद्रामप्पा, तोही सायकल धरून. खांद्यावर उसाची मोळी घेतलेला एक शेतकरी कुणीतरी हाक मारली म्हणून गर्रकन वळला. मोळीचं टोक फिरलं, आणि लाल काचेचा चुरा झाला.

अंबादास जागच्या जागी उभा राहिला. मी सिद्रामप्पाकडे पाहिलं. त्याच्यासमोर दिवेच दिवे होते, पेट्रोमॅक्सचे, पणत्यांचे, कंदिलांचे. तो मान इकडून तिकडे फिरवत होता. तेवढ्यात एका खेळणीवाल्याने आपल्या हातगाडीवर तांबड्या कागदाचा कंदील टांगला आणि गाडी ढकलत तो जत्रेच्या ऐन गर्दीत शिरला. सिद्रामप्पाला लाल दिवा दिसला. तो निघाला खेळणीवाल्याच्या मागे.

अंबादास ओरडू लागला, "डावीकडं. डावीकडं वळा. तिकडं न्हाय रस्ता." आता त्या आवाजाचा प्रताप असा, की सिद्रामप्पा सोडून सगळी जत्रा डावीकडे वळली. बायका पोरांना ओढू लागल्या, एक रेवडीवाला पाटीसकट वळला, एक म्हातारा मला विचारू लागला, "काय झालं हो तिकडं? हत्ती सुटला का?" मी म्हणालो, "तसंच काहीतरी." खेळणीवाल्याचा कंदील पुढे चालला होता आणि त्याच्यामागे बंद गळ्याचा कोट.

मला वाटलं, आता अंबादास नावाने हाक मारणार. नाव त्याच्या ओठांवर आलं होतं, मी पाहिलं. पण त्याने ते गिळलं. दुसऱ्याच क्षणी त्याने डोक्यावरचा लाल पटका उतरवला. चारचौघांत, भर जत्रेत, एका जॉबरने, ज्याच्या हाताखाली एवढी माणसं, डोकं उघडं टाकलं. पुढचा काळवंडलेला दिवा उपसून काढला, काडी ओढून पेटवला, पटक्याचा एक पदर त्याच्या काचेवरून ताणून धरला, आणि तो दिवा हात उंच करून डोक्यावर धरला. उरलेला पटका पाठीवरून जमिनीवर लोळत होता. लोक हसत होते. एकाने विचारलं, "काय मालक, सोंग कशाचं?" अंबादासचं लक्ष तिकडे नव्हतं. तो रस्ता सांगत सुटला होता. "दगूड हाय. पाटी हाय रेवड्यांची. थांबा. आता या सरळ."

सिद्रामप्पा थबकला. त्याने दोन लाल दिव्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग सायकल वळवली.

ती वरात घरापर्यंत पोचेस्तोवर दिव्याच्या धगीने पटक्याला जळून पावलाएवढं भोक पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. मी ठरवलं, की बस झालं. संक्रांतीचा तिळगूळ आहे, यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? अंबादासकडे गेलो आणि म्हणालो, "चला, सिद्रामप्पाला तिळगूळ द्या. मी मधे उभा राहतो."

तो इतका घाबरला, की हातातलं कोंबड्यांचं दाण्याचं पातेलं पडलं. "असलं काय करू नका, कंपाउंडर. बोलनं सुरू झालं म्हंजे त्याला मला सांगावं लागंल. आता कसं, त्यानं मला काय सांगितलेलं न्हाय. रस्ता एकच हाय म्हनून तो येतोय. मान ताठ ठिवून येतोय. ती तशीच ऱ्हाऊ द्या."

"आणि तुम्हाला बोलावंसं वाटत नाही?"

तो खाली बसून दाणे गोळा करू लागला. "वाटतंय की," एवढंच म्हणाला.

मी हट्टी. शेजारच्या घरात गेलो. सिद्रामप्पा ओट्यावर बसला होता. मी अंबादासचं नाव काढताच त्याने आत पाहिलं, कुणी ऐकत नाही ना अशी खात्री केली आणि मला जवळ बोलावलं.

"कंपाउंडर, तुम्ही भले गृहस्थ म्हणून सांगतो. आमचं बोलणं नाही तेच बरं आहे. बायको गेल्यापासून त्याचं काही खरं नाही. रस्त्यानं एकटाच मोठमोठ्यानं बडबडत येतो, तुम्ही ऐकताच की रोज. काल तर जत्रेत पटका सोडून नाचत होता म्हणे. मधे शिंदीच्या दुकानातही जायला लागला होता. मी मागनं गेलो आणि दारात उभा राहिलो, तवापासून बंद झालं. म्हणून रोज मी त्याच्या मागनं येतो. घरी नीट पोचतो की नाही ते बघतो. सोबत लागते हो माणसाला. पण मी राखण करतो हे त्याला कळलं, तर लाजेनं मरंल तो. तेव्हा बोलणं नको."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो थट्टा करत नव्हता. माझ्या डोक्यात जुळत आलेलं सगळं पुन्हा विस्कटलं. शिंदीच्या दारात कोण कुणासाठी उभा होता, आणि रोज संध्याकाळी कोण कुणाला घरी आणत होता? मी औषधांची प्रमाणं तोंडपाठ असलेला माणूस, पण या मिश्रणात काय किती आहे ते मला सांगता येईना.

"थांबा," असं म्हणून तो आत गेला आणि तिळगुळाची वाटी घेऊन आला. तोवर ओट्यावरचं ऊन जाऊन संधिप्रकाश पडला होता. "एवढं त्याच्या दारात ठेवा. कुणी दिलं ते सांगू नका."

त्याने वाटी पुढे केली. मी पायरीच्या उजव्या अंगाला उभा होतो. वाटी त्याने डाव्या अंगाला धरली, आणि तिथल्या रिकाम्या जागेकडे पाहून तो हसत होता.

मी हळूच सरकलो, त्या जागेवर जाऊन उभा राहिलो आणि वाटी घेतली.